एकोणीस वर्षांचं पाणी

डोंबिवली (प.), खाडीकडचा कोळीवाडा
५ सप्टेंबर १९९४

दामाजी,

आशीर्वाद आहे असं धरून चाल, वेगळा लिहीत बसत नाही.

ठाण्याला येऊन समोरच बोलले असते. पण मागच्या वेळी तुझ्या सोसायटीच्या वॉचमनने मला मागच्या जिन्याने पाठवलं आणि तुझ्या बायकोने माझी टोपली गॅलरीत ठेवायला लावली. सख्खा मावसभाऊ, आणि त्याच्या घरी माझी मासळी बाहेर! तेव्हाच ठरवलं, तुझ्याशी बोलायचं ते पोस्टाने. पोस्टमनला वास येत नाही.

काम आहे म्हणून लिहिते. तू वेधशाळेत बत्तीस वर्षं पाऊस मोजलास, वारा मोजलास. आता माझ्यासाठी जरा डोकं चालव.

आमच्या मागचं खाजण तुला ठाऊक आहे. लहानपणी त्याच चिखलात तू कमरेपर्यंत रुतलेलास आणि मी तुला केसांना धरून काढलेलं. ९१ च्या दिवाळीनंतर साईटवाल्यांनी तिथे डंपरने माती टाकायला सुरुवात केली. तिवरं कापली, भराव केला, वरून रस्ता नेला. आता बिल्डिंगा उठतायत. तेव्हापासून उधाणाचं पाणी पसरायला जागा नाही, ते आमच्या घरात येतं. यंदा नारळी पुनवेला उंबरा ओलांडून चुलीपर्यंत आलं. वाळवलेला जवळा भिजला, सगळा उकिरड्यावर.

आम्ही कलेक्टर कचेरीत अर्ज केला. त्याचं उत्तर काय आलं? खाडीचं पाणी नैसर्गिक कारणांनी चढतंय, जगभर हवामान बदलतंय, इथे राहणं धोक्याचं, म्हणून बेचाळीस घरं आंबिवलीला हलवायची. जानेवारीत ठाण्याला सुनावणी आहे. कुणाला काही म्हणायचं असेल तर पुरावा घेऊन या.

म्हणजे बघ. निसर्गाने केलं असेल तर आम्ही उठायचं. माणसाने केलं असेल तर त्याचा भराव उठायचा. एवढीच गोष्ट आहे.

आणि पुरावा माझ्याकडे आहे. माझी सासू गंगुबाई नारळी पुनवेला खाडीला नारळ दिला की धक्क्याच्या दगडी भिंतीवर, पाणी जिथवर चढलं तिथे, छिन्नीने खूण करायची आणि शेंदूर भरायची. वर्षाला एक खूण, डावीकडून उजवीकडे. ७० सालापासून आहेत. ७९ ला ती गेली, सुतक होतं, त्या वर्षाची जागा मी कोरी सोडली. ८० पासून खुणा माझ्या. आता ऐक. ९१ च्या पुनवेची खूण आणि ९३ च्या पुनवेची खूण, मध्ये हातभर फरक आहे. हातभर! आणि मध्येच काय झालं तर भराव. हेच मी सुनावणीसाठी नवा अर्ज करून लिहून दिलंय, ही त्याची नक्कल. तू फक्त वेधशाळेचा माणूस म्हणून खाली सही कर.

आवडाबाई


नौपाडा, ठाणे
१४ सप्टेंबर १९९४

ती. आवडाताईस,

तुझे पत्र वाचून आधी लाजलो, मग हसलो, आणि शेवटी काळजीत पडलो. गॅलरीची गोष्ट माझ्या मनातही आहे. त्याबद्दल इथे काही लिहिले तर ते सारवासारव होईल.

सही करता येणार नाही. रागावू नकोस, कारण ऐक. ९१ ची नारळी पौर्णिमा २५ ऑगस्टला होती. ९३ ची २ ऑगस्टला. पंचांगात एकच सण असला तरी ऋतूच्या हिशेबाने तेवीस दिवसांचे अंतर आहे. ऑगस्टच्या सुरुवातीला पाऊस भरात असतो, उल्हास नदी दुथडी वाहून खाडीत येते. ऑगस्टअखेर पाऊस ओसरू लागतो. तुझ्या हातभर फरकात पावसाचा वाटा किती आणि भरावाचा किती, हे त्या दोन खुणा सांगू शकत नाहीत. सुनावणीत कोणी पंचांग उघडले तर तुझा अर्ज तिथेच बुडेल.

शिवाय निसर्ग खरोखरच लहरी आहे. काही वर्षांनी प्रशांत महासागराचे पाणी तापते आणि आपल्याकडचा पाऊस रुसतो. ८७ साल तुला आठवत असेल. ९१ साली फिलिपाईन्समध्ये ज्वालामुखी फुटला, त्याची धूळ आभाळात इतकी वर गेली की पुढचे वर्षभर सगळी पृथ्वी किंचित थंड झाली. पाऊस आणि समुद्र तुमच्या कोळीवाड्यामागच्या भरावाला विचारून चढत-उतरत नाहीत.

माझा सल्ला मानशील तर आंबिवलीला पक्की घरे मिळत आहेत ती घ्या. तुझे वय साठ झाले. किती वर्षे पाण्याशी भांडणार?

तुझा,
दामाजी


कोळीवाडा
२० सप्टेंबर १९९४

दामाजी,

पत्र आलं. नाथाने वाचलं आणि गप्प होडीवर जाऊन बसला. माझा नवरा गप्प बसला की समजायचं, समोरच्याचं बरोबर आहे.

तर पहिलं हे, की मी चुकले. ९१ ला धोंड्याचा महिना होता. अधिक वैशाख. त्या महिन्यात मी जावयाला बोलावून तेहतीस अनारसे वाढले, निम्मे जाळीदार झाले नव्हते म्हणून लेकीने नाक मुरडलं, ते सगळं लक्षात आहे. पण धोंडा आला की पुढचे सगळे सण उशिरा पडतात, हे खुणा मोजताना डोक्यातून पार गेलं. पुनव म्हणजे पुनव, असंच धरलं. आमच्यात कुणीच दुसरं काही धरत नाही. काळुराम पाटलाला विचारलं तर तो म्हणाला, "पुनवेला कसली तारीख?" गाव सगळं माझ्यासारखंच.

आता दुसरं. आंबिवलीला मी होडी कुठे बांधू, स्टेशनच्या खांबाला? तिथे भिंती पक्क्या असतील. आम्ही भिंती खात नाही. आणि साठ वर्षांची झाले म्हणून पाण्याशी भांडू नको म्हणतोस. मी पाण्याशी भांडतच नाही रे. पाणी बिचारं आपल्या जागेवर जात होतं, ती जागा कुणीतरी घेतली.

तिसरं. ज्वालामुखी फुटला, समुद्र तापला, सगळं खरं असेल. मग माणूस काहीच करत नाही का? फेज टूच्या कंपन्यांचा धूर मी रोज बघते. हिवाळा पूर्वीचा राहिला नाही, दिवाळीनंतरही सरी येतात, वाळत घातलेला जवळा काळा पडतो. हे पण ज्वालामुखीच करतो?

सही नको करूस. पण दोन पाणी वेगळी कशी काढायची ते सांग. निसर्गाचं एक आणि माणसाचं एक. बत्तीस वर्षं सरकारने तुला उगाच पगार दिला नसेल.

आवडाबाई


नौपाडा, ठाणे
२ ऑक्टोबर १९९४

ती. आवडाताईस,

चूक इतक्या सरळ कबूल करणारा माणूस मला ऑफिसात बत्तीस वर्षांत भेटला नाही.

माणूस करतो, ताई. कोळसा आणि तेल जाळून जो वायू निघतो तो हवेत साठतो, आणि पातेल्यावर झाकण ठेवावे तशी पृथ्वीची ऊब आत कोंडून राहते. समुद्र तापून फुगतो, बर्फ वितळते. हा धूर एकट्या डोंबिवलीचा नाही, साऱ्या जगाचा आहे. पण त्याने समुद्र वर्षाला नखाच्या जाडीएवढा चढतो. तो तुझ्या चुलीपर्यंत एकदम दोन वर्षांत येणार नाही.

दोन पाणी वेगळी कशी काढायची, ते सांगतो. चंद्राची तिथी आणि इंग्रजी तारीख एकोणीस वर्षांनी पुन्हा जवळपास जुळतात. चंद्राचे उत्तर-दक्षिण वर-खाली जाणेही साधारण तेवढ्याच वर्षांचे आहे. म्हणजे ७५ ची नारळी पौर्णिमा २१ ऑगस्टला आणि ९४ चीही २१ ऑगस्टला. चंद्र तोच, ऋतू तोच. कोणत्याही खुणेला तिच्या एकोणीस वर्षे आधीच्या खुणेशीच ताडून बघ, दुसऱ्या कशाशी नाही. भरावाआधीच्या जोड्या वेगळ्या ठेव, नंतरच्या वेगळ्या. आणि एका जोडीवरून काही बोलू नकोस. पाऊस, वारा एखाद्या वर्षी फसवतात.

मला वाटते, फरक फारसा दिसणार नाही. तसे झाले तर आंबिवलीचा विचार शांतपणे कर.

तुझा,
दामाजी


कोळीवाडा
९ ऑक्टोबर १९९४

दामाजी,

हे पत्र नीट बसून वाच. पंख्याखाली बसून वाचलंस तरी चालेल.

काल ओहोटीला नाथाला आणि काळुराम पाटलाला घेऊन धक्क्याच्या भिंतीपाशी उतरले. जाळ्याचा दोरा घेतला. भिंतीच्या वरच्या कडेपासून दोरा सोडायचा, जुन्या खुणेशी एक गाठ, एकोणीस वर्षांनंतरच्या खुणेशी दुसरी गाठ. एका जोडीला एक दोरी. खुणा तीन वेळा मोजल्या. कोरी जागा ७९ ची, तिथून दोन्हीकडे मोजत गेलो, म्हणजे वर्ष चुकायला नको. काळुराम मध्येच म्हणाला, "आवडाबाय, एवढं तर माझ्या लग्नात पण मोजलं नव्हतं." मी म्हटलं, "म्हणून तर हे असं झालं."

भरावाआधीच्या तीन जोड्या. ७० आणि ८९, पाणी तीन बोटं वर. ७१ आणि ९०, दोन बोटं खाली. ७२ आणि ९१, चार बोटं वर, पण ७२ तर दुष्काळाचं साल, नदीत पाणीच नव्हतं. म्हणजे तुझा निसर्ग जास्तीत जास्त चार बोटं इकडे, नाहीतर चार बोटं तिकडे खेळतो.

भरावानंतरच्या तीन जोड्या. ७३ आणि ९२, एक वीत वर. ७४ आणि ९३, वीत आणि दोन बोटं वर. ७५ आणि ९४, पुन्हा वीत वर.

हातभर म्हणाले होते, ती वीतच निघाली. निम्म्याने कमी झालं म्हणून पहिल्यांदा जीव कळवळला. मग कळलं, हातभर खोटा होता, वीत खरी आहे. खरी वीत मी कुणाच्याही टेबलावर ठेवीन.

आता सांग, करतोस सही?

आवडाबाई


कोळीवाडा
२८ ऑक्टोबर १९९४

दामाजी,

एकोणीस दिवस झाले, उत्तर नाही. पहिल्यांदा वाटलं, तुला बरं नाही. मग वाटलं, पत्र हरवलं. आता कळलं.

रविवारी साईटवर गेले होते, तिथल्या मजुरांच्या बायका माझ्याकडून चिंबोऱ्या घेतात. दुसऱ्या मजल्याच्या उघड्या गॅलरीत एक माणूस बायकोला हात करून खाडी दाखवत होता. पांढरे बूट. बघते तर तुझा लेक मधु. मला बघितल्यावर खांबामागे झाला. एवढा मोठा सहा फुटी माणूस आणि खांब एवढासा. शेवटी खाली आला, म्हणाला, "आत्या, तू इथे?"

मी म्हटलं, "मी इथे जन्मापासून आहे. तू इथे काय करतोस ते सांग."

पोरगं खोटं बोललं नाही, ते तुझ्यावर गेलं असं समजत होते. त्याने सांगितलं, वर्षभरापूर्वी तू आणि त्याने मिळून ही जागा बुक केलीय.

म्हणजे मला आंबिवलीला जायला सांगत होतास तेव्हा तुझं घर माझ्या खाजणावर उभं राहत होतं. ज्वालामुखी आणलास, प्रशांत महासागर आणलास. सगळं आणलंस, फक्त मधु नाही आणलास.

पाण्याबद्दल जे लिहिलंस ते तरी खरं होतं का, एवढंच सांग. बाकी काही नको.

आवडाबाई


नौपाडा, ठाणे
६ नोव्हेंबर १९९४

ताई,

पाण्याबद्दलचे प्रत्येक अक्षर खरे होते. पण खऱ्यातले मला सोयीचे तेवढे मी आधी लिहिले आणि गैरसोयीचे तुझ्याकडून विचारले जाईपर्यंत दाबून ठेवले. हे खोटे बोलण्यापेक्षा बरे नाही, हे मला कळते.

एकोणीस वर्षांची रीत तुला दिली ती फरक दिसणार नाही या खात्रीने. माझा स्वतःचाच समज होता की भराव लहान आहे, खाडी मोठी आहे, फरक पडणार नाही. बत्तीस वर्षे आभाळाकडे बघून पायाखालचा चिखल मी विसरलो होतो. तुझ्या सहा जोड्या पाहून पहिल्या दिवशी मी चूक शोधली. दुसऱ्या दिवशी पुन्हा शोधली. वेधशाळेच्या जुन्या टिपणांतून त्या त्या आठवड्याचा पाऊस काढून पाहिला. चूक सापडली नाही. मग तुला लिहायचे ते रोज उद्यावर टाकत गेलो.

मधुला या घराची फार आस आहे. सून माझ्याशी बोलत नाही, कारण मी काल जेवताना तुझ्या दोऱ्यांविषयी बोललो.

तू म्हणशील ते करीन.

दामाजी


कोळीवाडा
१० नोव्हेंबर १९९४

दामाजी,

मी काहीच म्हणत नाही. माझं म्हणून झालं. तू काय करायचं ते तुझं तू ठरव, मी केसांना धरून काढायला आता तू लहान नाहीस.

दिवाळीचा फराळ नाथाबरोबर पाठवलाय. शंकरपाळ्या कडक झाल्यात, तुझे दात सांभाळ.

आवडाबाई


कोळीवाडा
२१ जानेवारी १९९५

दामाजी,

काल सुनावणी झाली. तू आला नाहीस. तरी तू तिथे होतास, म्हणून तुला सगळं लिहिते.

बेचाळीस घरांतून साठ माणसं आली होती. बायका हिरव्या लुगड्यांत, केसांत अबोली, जशा लग्नाला. काळुराम म्हणाला, "रडायला जायचंय, नटता कशाला?" मी म्हटलं, "रडायला कोण चाललंय?"

आधी साईटचा इंजिनिअर उभा राहिला. त्याने भिंतीवर जगाचा नकाशा लावला. समुद्र चढतोय, पाऊस बदलतोय, इथे काही करता येणार नाही, या लोकांच्याच भल्यासाठी त्यांना हलवा. बोलला चांगलं. मला मनातून पटलं पण, कारण तूही तेच लिहिलं होतंस.

मग माझं नाव. साहेबांनी माझा अर्ज काढला. "बाई, तुम्ही हातभर म्हणताय."

मी म्हटलं, "साहेब, ते खोडा. ते चुकलं."

मागे आमचीच माणसं कुजबुजली. कुणी तरी "गेलं" म्हणालं. साहेबांनी चष्मा काढला. मी धोंड्याचा महिना सांगितला, तेवीस दिवस सांगितले, अनारसे पण सांगितले. साहेबांच्या शेजारच्या क्लार्क बाई हसल्या, त्यांच्याकडेही जावई असणार. मग सहा दोऱ्या टेबलावर एकीशेजारी एक मांडल्या. तीन इकडे, तीन तिकडे. म्हटलं, इकडच्या तीन जोड्यांमध्ये पाऊस, दुष्काळ, चंद्र, वारा सगळं आहे, आणि ते सगळं मिळून चार बोटांच्या पुढे जात नाही. तिकडच्या तीन जोड्यांमध्येही तेच सगळं आहे, वर एक भराव आहे. आता तुम्हीच गाठी बघा.

इंजिनिअर म्हणाला, "या दोऱ्यांना शास्त्रीय आधार काय?"

मी म्हटलं, "तुमच्या नकाशाला कधी पाणी लागलंय का? या दोरीच्या प्रत्येक गाठीला लागलंय."

साहेबांनी विचारलं, "किती शिकलात?"

"तिसरी. चौथीच्या वर्षी शाळेतच पाणी शिरलं. तेव्हापासून पाण्याकडेच शिकतेय."

मग साहेब म्हणाले, एक टपाल आलंय, आणि पाकीट उघडून मोठ्याने वाचलं. तुझं. वेधशाळेत बत्तीस वर्षं, तुझं नाव, पत्ता. "या बाईंची रीत मी तपासली आहे, तीत मला चूक आढळली नाही. मी आणि माझ्या मुलाने त्या इमारतीत घर घेतले आहे. या बाईंचे म्हणणे खरे ठरले तर नुकसान माझे आहे. तरीही ते खरे आहे." खाली सही.

दामाजी, मी कुणासमोर डोळे पुसत नाही. खोकला आला म्हणून पदर तोंडाला लावला, एवढंच.

साहेब म्हणाले, माघी पुनवेला मी स्वतः येतो. त्या दिवसांत पाऊस नसतो, म्हणजे पावसाचा बहाणा कुणालाच नको. उधाणाचं पाणी कुठून येतं आणि कुठे अडतं ते बघतो, मग ठरवतो.

बाहेर आल्यावर काळुराम सगळ्यांना सांगत होता, "आपल्या आवडाबायने सरकारला वीत शिकवली." हा माणूस कालपर्यंत पुनवेला तारीख नाही म्हणत होता.

आवडाबाई


नौपाडा, ठाणे
२६ फेब्रुवारी १९९५

ती. ताईस,

साहेब माघी पौर्णिमेला आले, चपला हातात घेऊन दोन तास चिखलात उभे राहिले, हे नाथाभावजींनी आवर्जून येऊन सांगितले. रस्त्याच्या खाडीकडच्या बाजूला पाणी उंच आणि खाजणाकडे कोरडी माती, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले. हुकूम निघाला त्याची प्रत मीही वाचली. रस्त्याखाली पाच मोऱ्या, जुना ओढा मोकळा करणे, पुढचा भराव बंद, कोळीवाडा आहे तिथेच. मी ते कागद तीनदा वाचले.

मधुची बिल्डिंग भरावाच्या पलीकडच्या टोकाला होती, तिचे काम थांबले. आम्ही तिथले घर सोडले. परवा मधु विचारत होता, "बाबा, आत्याने ते एकोणीस वर्षांचं बरोबर कसं काढलं?" मी म्हटले, रीत माझी होती. तो म्हणाला, "रीत तुमची, पण खुणा तिच्या."

मी आयुष्यभर यंत्रांनी मोजले. ते आकडे कुठल्या कपाटात आहेत हे आता मलाही माहीत नाही. तुझी छिन्नी बघायची आहे.

तुझा,
दामाजी


कोळीवाडा
११ ऑगस्ट १९९५

दामाजी,

मे महिन्यात मोऱ्या झाल्या, ते तू मागच्या रविवारी बघूनच गेलास. काल नारळी पुनव झाली, त्याचं लिहिते.

दुपारी भरती पुरती चढली आणि थांबली. पाणी मोऱ्यांतून आत शिरलं, ओढ्याने गेलं, खाजणात पसरलं. तीन वर्षांनी तिथे चिखलावरच्या मासळीला, निवट्यांना, उड्या मारताना बघितलं. उंबऱ्यापासून पाणी चार पावलं लांब राहिलं. बायकांनी नारळ दिला, गाणी म्हटली, काळुरामने भाषण केलं, ते कुणी ऐकलं नाही. मग मी भिंतीपाशी उतरले आणि खूण केली. यंदा छिन्नीवर हातोडी काळुरामच्या सुनेने मारली, तिला शिकवतेय. दगडाची कपची उडून तिच्या कपाळाला लागली, तरी हटली नाही. टिकेल.

यंदाची जोडी ७६ ची. दोरी लावली. वीत गेली. भरावाची होती, भरावाबरोबर गेली.

पण गाठी एकमेकींवर बसल्या नाहीत. यंदाचं पाणी दोन बोटं वर आहे. नाथा म्हणतो, ७६ ला नदीला यंदापेक्षा जास्त पाणी होतं. तरी दोन बोटं वर. एका जोडीवरून बोलायचं नाही हे तू सांगितलंस, म्हणून बोलत नाही. पण ७० आणि ८९ ला पण तीन बोटं वरच होतं, तेव्हा मी ते निसर्गाचं म्हणून सोडून दिलं. आता वाटतं, घाई केली. सगळं निसर्गाचंच होतं हे मला कुणी सांगितलं? तूच लिहिलं होतंस ना, जगभरचा धूर, पातेल्यावरचं झाकण, वर्षाला नखाएवढं. एकोणीस वर्षांची नखं किती होतात ते मी कालच बोटावर धरून बघितलं.

तर तुला काम देते. तुझ्याकडे वेळ आहे. या दोन बोटांत चंद्र-पावसाचा वाटा किती आणि माणसांच्या धुराचा किती, ते वेगळं काढून लिही. आमच्या इथल्या कंपन्यांचा असेल तर तो लिही, विलायतेचा असेल तर तोही लिही, कुणाला वगळू नकोस. मी इकडे दर पुनवेला खूण करतेच आहे, जोड्या कमी पडणार नाहीत.

आणि माणसाचा जो वाटा निघेल, त्याची सुनावणी कुठल्या ऑफिसात होते, त्याचा पत्ता कळव. ठाण्याच्या पुढे असलं तरी चालेल. मी येते.

आवडाबाई